आकृती पाहा, असली तर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो. आपण आपलं काम करत बसायचं, ते आपोआप साचतात. आमच्या पांढरकवड्याच्या डीटीपी सेंटरमध्ये बिघडलेल्या प्रिंटांचा जेवढा गठ्ठा, तेवढेच किस्से! गठ्ठा निदान रद्दीवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून आज तुमच्या गळ्यात मारते.

आमचं काम म्हणजे अहवाल, पुस्तिका, थीसिस टाइप करून नीट मांडून द्यायचे. फोटोखाली एक ओळ असते, ‘आकृती ७: अमुकतमुक’. तक्त्यावर असतं ‘तक्ता ४’. आणि मजकुरात मध्येच लिहिलेलं असतं, ‘आकृती ७ पाहा’. वाचक पाहायला गेला की तिथे सातच निघाली पाहिजे. बस! एवढ्याशा कामानं माझे निम्मे केस पांढरे केलेत.

दुकान बबनभाऊंचं. झेरॉक्स आणि बाइंडिंग ते बघतात, कॉम्प्युटर मी बघते. आणि शिव्या दोघं मिळून खातो.

*

सुरुवातीला आम्ही सगळे नंबर हातानं टाकायचो. एकदा एका शेतकरी मंडळाची पुस्तिका आली, कपाशीवरच्या किडींची. सगळं तयार झालं आणि ऐनवेळी सेक्रेटरी धावत आले.

"ताई, अध्यक्षायचा फोटो राहून गेला! मांगच्या साली बी राह्यलता. टाका कुठं तरी, पन समोरच टाका."

तिसऱ्या पानावर जागा होती, तिथे टाकला. गळ्यात हार, चेहऱ्यावर हसू. तो मध्ये घुसला आणि पुढचे सगळे फोटो एकेक घर सरकले. फोटोखालचे नंबर मी बदलले. मजकुरातले विसरले!

छापून आलं ते असं: ‘आकृती ३ मध्ये दाखवलेली अळी वरून ओळखू येत नाही. ती आत शिरते आणि बोंड आतून पोखरते.’

आकृती ३: मंडळाचे माननीय अध्यक्ष.

सेक्रेटरी आले तेव्हा मी अक्षरशः मॉनिटरच्या मागे लपले होते. त्यांनी पान वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मी घाबरत विचारलं, "पुन्हा छापायचं का?"

"कायले?" ते म्हणाले. "चूक कुठं हाये याच्यात?"

*

त्यानंतर मी शहाणी झाले आणि नंबर कॉम्प्युटरवर सोपवले. मजकुरातला नंबर फोटोखालच्या नंबराला आतून जोडून ठेवायचा. मध्ये फोटो वाढला तर सगळे नंबर स्वतःहून बदलतात. बबनभाऊंना ही गोष्ट मुळीच पटली नाही.

"आज हे नंबर बदलून राह्यलं," ते म्हणाले, "उद्या माहं नाव बदलन!"

पण त्यातही एक मेख असते. जोडलेला फोटोच कोणी उडवला, तर नंबराच्या जागी ठळक अक्षरात इंग्रजी आरोळी छापून येते: ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड.’

राठोड सर म्हणून एक प्राध्यापक आमच्याकडे थीसिस करत होते. अतिशय सज्जन माणूस. त्यांनी घरी बसून दोन-चार फोटो उडवले आणि प्रकरण तसंच गाइडकडे पाठवलं. सात ठिकाणी ही आरोळी! गाइडनी लाल पेनानं समासात लिहिलं, ‘नॉट फाउंड म्हणजे काय? शोधा!’

गाइडचा शब्द म्हणजे सरांना शेवटचा शब्द. ते दोन दिवस यवतमाळच्या लायब्ररीत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुकानात आले ते पार दमून.

"ताई, हे पुस्तक कुठंच नाही भेटून राह्यलं. फॉरेनचं हाय का?"

*

आणि मग टेकाम मॅडम आल्या.

झरी जामणी तालुक्यातल्या एका पोडावरच्या. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. मॅडम तिथल्याच लेक आणि जवळच्या शाळेत शिक्षिका. सात वर्षांपासून पीएचडी करत होत्या, विषय कोलामांचं बांबूकाम. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. विद्यापीठानं आता स्पष्ट कळवलं होतं, महिनाअखेर थीसिस आला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे सात वर्षं पाण्यात!

थीसिस त्यांनी मोबाईलवर टाइप केलेला होता, शाळा सुटल्यावर एसटीची वाट बघता बघता. त्यात एकतीस आकृत्या आणि बारा तक्ते. फोटोंखाली लिहिलेलं असं: ‘आकृती ४: बांबू.’ ‘आकृती ५: बांबूच, पण जवळून.’ ‘आकृती ६: बांबूच, मागून.’

मी म्हटलं, "मॅडम, बांबूला मागची बाजू असते?"

"तुमाले नाही दिसत," त्या शांतपणे म्हणाल्या. "विणणाऱ्याले दिसते."

मी ‘मागून’ तसंच राहू दिलं.

*

त्यांची फाइल या मोबाईलमधून त्या मोबाईलमध्ये, तिथून भावाच्या लॅपटॉपमध्ये फिरून आली होती. कुठे नंबर जोडलेले, कुठे हातानं टाकलेले. मी अपडेटचं बटण दाबलं आणि पानापानावर एरर! एरर! एरर! मॅडम स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"ताई, हे माह्यावरच काहून ओरडून राह्यलं? मी काय केलं याचं?"

डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. हातात चार दिवस होते. मी खुर्ची ओढून दिली आणि म्हटलं, "बसा. एकेकाला धरू."

पण मॅडम पक्क्या शाळामास्तरीण. तासाभरात त्यांनी स्वतःची पद्धत काढली, हजेरी! त्या मजकुरातला नंबर पुकारणार आणि मी फोटो शोधून उत्तर देणार.

"आकृती बारा?"

"हजर!"

"आकृती तेरा?"

"हजर!"

"आकृती चौदा?"

"गैरहजर!"

"कालपन नव्हती! कुठं फिरते ही?"

झेरॉक्सला आलेली माणसं आपलं काम विसरून उभी राहायची. एक ट्रकवाला आरसीची झेरॉक्स घ्यायला आला होता. तो अर्धा तास थांबला आणि जाताना बबनभाऊंना हळूच म्हणाला, "स्कूल अच्छा है, भाईसाब. फीस कितनी है?"

चौथ्या दिवशी दुपारी एकतीसच्या एकतीस आकृत्या आणि बाराच्या बारा तक्ते हजर झाले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मॅडम घरून फॉर्म आणि सही-शिक्क्याचे कागद आणायला गेल्या, आणि तेवढ्यात त्यांच्या गाइडचा फोन आला.

"मॅडमचा फोन लागत नाहीये. शेवटचा फोटो काढून टाका. मांडीवर टोपली घेऊन म्हातारी तोंडाला पदर लावून हसतेय त्यात. अभ्यासपूर्ण वाटत नाही."

गाइडच ते! काढला. अपडेट केलं. ‘एरर’ असा शब्द शोधला, एकही नाही. फाइल एकदम स्वच्छ! बबनभाऊंनी बाइंडिंगला घेतली. मॅडम आल्या त्या धावतच, प्रती उचलल्या आणि बस पकडली. फोटोचं त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

*

मुदतीत थीसिस गेला. काही महिन्यांनी व्हायवाची तारीख आली. ही तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. मॅडमनी पोडावरची नऊ माणसं गाडीत घातली आणि मलाही ओढून नेलं.

हजेरीच्या वेळच्या प्रिंटा मॅडमनी पोडावर नेऊन सगळ्यांना दाखवल्या होत्या. माणसं नावं विसरतील, पण स्वतःचा नंबर विसरली नव्हती. गाडीत बसल्या बसल्या एका आजोबांनी ओळख करून दिली, "मी सात. हे माही बुढी, नऊ."

"मग मधला आठ कोण?" मी विचारलं.

"बकरी."

आजी तोंड फिरवून बसल्या होत्या. ‘माह्याआधी बकरी काहून?’ हे भांडण म्हणे घरात अजून चालू होतं! समोरच्या सीटवर पोचूबाई होती, पोडावरची सगळ्यात म्हातारी बाई. गाडी लागते म्हणून ती मांडीवर एक अर्धवट विणलेली टोपली धरून डोळे मिटून बसली होती. तिला मी काही विचारलं नाही.

व्हायवा छान सुरू झाला. मॅडम न अडखळता बोलल्या. पोडावरची मंडळी मागच्या रांगेत, समजो न समजो, माना डोलवत होती. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थीसिस उघडला.

"मॅडम, टोपलीचा काठ बंद करताना बांबूची शेवटची कामटी तुमच्या वस्तीवर वेगळ्या तऱ्हेनं आत वळवतात, असं तुम्ही म्हणता. तुमचा सगळा निष्कर्ष याच्यावर उभा आहे. इथे लिहिलंय, आकृती एकतीस पाहा."

"हो, सर."

"पाहतोय मी. तीस नंबरनंतर थेट संदर्भसूची आहे. एकतीस कुठे आहे?"

गाइडच्या फोनवरून मी उडवलेला तोच फोटो! त्या वाक्यातला नंबर तेवढा हातानं टाकलेलाच राहिला होता, कशाला जोडलेला नव्हता. म्हणून तो ओरडला नाही! मॅडम स्वतःची प्रत भराभर उलटायला लागल्या. शेवटचं पान आलं, पुन्हा मागे गेल्या, पुन्हा शेवटचं पान. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गाइड वर पंख्याकडे बघत होते.

"पुरावाच नसेल," परीक्षक म्हणाले, "तर मला हा थीसिस दुरुस्तीला परत पाठवावा लागेल."

परत पाठवला असता तर संपलंच होतं. आता मुदतवाढ उरली नव्हती. मी उठून चूक माझी आहे म्हणून सांगणार, तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पोचूबाई उठली होती. पदर खोचत ती आपली अर्धवट टोपली घेऊन सगळ्यांच्या मधून पुढे आली आणि परीक्षकांच्या टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसली.

"पुस्तक ठेवा खाली, साहेब," ती म्हणाली. "एकतीस नंबर मी आहो."