निकालाआधीचे पेढे

सिडनीत पेंडल हिलला शनिवारच्या मराठी शाळेत मी पालकांना नॅपलानचा, म्हणजे इथल्या देशभरच्या शालेय चाचणीचा, रिपोर्ट समजावून देते. यात नंबर नसतो, पास-नापासही नसतं, हे घसा कोरडा पडेस्तोवर सांगते. तरी एखादा बाप विचारतोच, "पण कितवा आला?" मी चिडते. मग माझंच आठवतं.

लेक पाचवीत होती. मी निकालाआधीच पेढे आणून ठेवले होते. रिपोर्टमधल्या आलेखात तिचा गणिताचा ठिपका देशाच्या सरासरीखाली निघाला. मी बॉक्स फ्रीजमध्ये मागे ढकलला.

"आई, कॅन आय स्टिल हॅव वन?" तिने दारातून विचारलं.

"कशाबद्दल?" मी म्हणाले.

आता लेक युनिव्हर्सिटीत आहे. परवा तिच्या मैत्रिणीची आई पेढे घेऊन आली, तेव्हा मला कळलं की दोघी मुलींचा युनीचा निकाल लागलाय.