बुरडाच्या अंगणातला तास

गेल्या वर्षी एका सकाळी माझी पत्नी वारली. तिरडीचे बांबू चंद्रपुरातल्या एका बुरडाकडून आणले.

महिन्याभराने जागतिकीकरण शिकवताना मी नववीचा वर्ग त्याच्याच अंगणात नेला. पायाच्या अंगठ्यात बांबूची कामटी धरून तो सूप विणत होता. मागच्या नाल्यात प्लास्टिकच्या फुटक्या टोपल्या अडकल्या होत्या.

"काका, टोपल्या काऊन नाई करत आता?" एका मुलीने विचारलं.

"घेते कोण, पोरी? बाहेरदेशची प्लास्टिकची सस्ती भेटते. तिरडी तेवढी तिकडून नाई येत." तो हसला. मग त्याने मला ओळखलं. "माफ करजा, सर."

"यांना टोपली शिकवा," मी म्हणालो.

त्याने तासभर शिकवलं. यंदा त्याने सूप विणणंही सोडलं. त्या वर्गातल्या दोघींना टोपलीचा तळ तेवढा बांधता येतो.