करीमभाईंचा वजीर

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

ऊर्जानगरच्या आमच्या चौकातले शिंपी करीमभाई मला या उतारवयात बुद्धिबळ शिकवतात. शाळेत शिकवलेल्या कविता मला अजून तोंडपाठ आहेत, पण घोड्याची अडीच घरं रोज चुकतात. भाईंचा एक नियम फार कडक. सोंगटीला हात लागला की तीच चालवायची. त्यापायी मी कितीतरी डाव हरलोय.

मध्यंतरी त्यांना लकवा झाला. तेव्हापासून उजवा हात थरथरतो, दुकान बंद आहे. आज पहिल्यांदाच त्यांनी पुन्हा पट मांडला.

डाव चांगला रंगला होता. त्यांना हत्ती उचलायचा होता, पण बोटं थरथरली आणि वजिराला लागली. वजीर कुठेही नेला तरी मरणारच होता. मी घाईने म्हणालो, "राहू द्या भाई, चुकून लागला."

त्यांचा चेहरा उतरला. "काऊन गुरुजी? तुमाले कधी सोडलं का मी?"

"तसं नाई भाई..."

"मंग मले बिमार समजून राह्यले का?" त्यांनी वजीर सरकवला, थेट माझ्या उंटाच्या वाटेत. "मारा."

उंटाला बोट लावून मी कितीतरी वेळ तसाच बसलो. शेवटी वजीर मारला.

भाई पटाकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी हत्ती उचलला, नीट घरात ठेवला. "आता सांभाळा गुरुजी. शह."

तुम्ही असता तर मारला असता का तो वजीर?