उतारावरची तीनचाकी

"या खटाऱ्यात मी बसणार नाही," मावशी म्हणाल्या. "आणि बसले, तर बाफले कोण बघणार? तुम्ही?"

आमच्या देवासच्या फॅक्टरीची पिकनिक मांडूला आली होती. समोर रूपमतीच्या महालाकडे जाणारा चढ होता आणि पायथ्याशी मी भाड्याची तीनचाकी धरून उभा होतो. पाय अधू असलेली माणसं हाताने चालवतात, ती सायकल. मागे दोन चाकं, पुढे एक, आणि पेडलऐवजी छातीसमोर फिरवायचं हँडल. बसच्या टपावर बांधून आणली होती.

मावशी आमचं कॅन्टीन सांभाळायच्या. दीडशे माणसांची कणीक रोज त्यांच्याच हातची. बाफले म्हणजे कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाजायचे आणि तुपात बुडवायचे. माळव्यात त्याशिवाय पिकनिक होत नाही. त्यामुळे सहा वर्षं आम्ही महाल बघत होतो आणि मावशी धूर बघत होत्या. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि मार्चमध्ये त्या रिटायर होणार होत्या. ही शेवटची पिकनिक.

एकदा चहा देताना त्या सहज म्हणाल्या होत्या, "माझं माहेर खाली निमाडात. त्या महालावरून सगळा निमाड दिसतो म्हणतात. दिसत असेल बाई."

मी मेंटेनन्सचा फोरमन. कुणी अडचण सांगितली, की माझ्या डोक्यात लगेच दुरुस्तीचं जॉब कार्ड तयार होतं. पुढच्याच आठवड्यात कामासाठी धारला गेलो, तेव्हा कन्हैया भियाच्या सायकलच्या दुकानात ही तीनचाकी दिसली. त्याच्या काकांची होती. काका गेल्यापासून नुसती पडून होती.

"भाडं काय घेणार?" मी विचारलं.

"भिया, मांडू जा रिये हो तो बाफले बनेंगे ना? लौटते में डिब्बा भर के दे जाना. घी में डूबे हुए." मग त्याने हँडल पुढे-मागे फिरवून दाखवलं. "इसमें फ्रीव्हील नी है. उलटी-सीधी दोनों चलती है."

फ्रीव्हील म्हणजे काय ते सांगतो. साध्या सायकलवर उतार लागला, की आपण पाय थांबवतो आणि चाक फिरत राहतं. ते फ्रीव्हीलमुळे. ते नसलं, की चाक फिरेल तोवर हँडलही फिरणारच. उतारावर ते गरगर फिरून बसणाऱ्याचे हात मोडेल, असं मी मनात धरलं. फॅक्टरीत येऊन रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं, 'डिफेक्ट'. फ्रीव्हील आणून बघितलं, पण ते काही तिला बसेना. मग ब्रेकचे रबर नवे घातले आणि मागच्या आसाला जाड दोर बांधला.

आमचे वर्क्स मॅनेजर खरेसाहेब बघायला आले. "पाटणकर, सेफ आहे का?"

"लोड टेस्ट करतो, साहेब."

म्हणजे जेवढं वजन बसणार, तेवढं ठेवून चालवून बघायचं. मी सीटवर कणकेची पोती ठेवली, गेटजवळच्या रॅम्पवर चढवली, उतरवली. पोती शहाण्यासारखी बसून राहिली. मी पास केलं.

आणि आता मावशीच बसायला तयार नव्हत्या! तेवढ्यात खरेसाहेब पुढे आले आणि शर्टाच्या बाह्या वर करत म्हणाले, "मावशी, बाफले मी बघतो."

मावशींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "दर दोन मिनिटांनी उलटायचे. गप्पा मारायच्या नाहीत."

"नाही मारणार."

मावशी बसल्या. चढावर चार फिटरांनी ढकललं. पुढे पायऱ्या लागल्या, तिथे बरोबर आणलेल्या लोखंडी खुर्चीत बसवून उचलून नेलं. वर हवा स्वच्छ होती. कड्याखाली निमाड पसरला होता आणि फार लांब नर्मदेची बारीक रेघ चमकत होती.

मावशींनी डोळ्यांवर हाताची सावली धरून खाली पाहिलं. मग बोट दाखवून म्हणाल्या, "त्या तिकडे कुठंतरी आमचं अंगण. आई तिथं पापड वाळत घालायची." पदराने डोळे पुसले आणि मलाच रागावल्या, "सहा वर्षं का नाही आणलंत हो?" खरं सांगतो, फार लाज वाटली. आम्ही दरवर्षी त्यांच्या हातचं खाऊन वर येत होतो आणि खाली धुरात कोण बसलंय, हे एकाच्याही मनात आलं नव्हतं.

पायऱ्या उतरून पुन्हा तीनचाकीत बसवल्यावर मी बजावलं, "हात मांडीवर ठेवा. हँडलला अजिबात हात लावायचा नाही."

मागे दोर धरून चौघे, पुढे मी. अर्ध्या उतारावर ब्रेकचा एक नवा रबर उडून माझ्या पायाशी पडला. चाकाला हिसका बसला आणि मीच बांधलेली दोराची गाठ सुटली. चौघे फिटर दोरासकट मागच्या मागे आपटले.

"मावशी!" मी ओरडलो आणि धावलो.

तीनचाकी चार हात पुढे गेली आणि हळू झाली. मग आणखी हळू. मग थांबलीच. बघतो तर मावशींनी हँडल दोन्ही मुठींत आवळून धरलेलं. माझी ऑर्डर त्यांनी पहिल्यापासूनच मानली नव्हती.

"हात मांडीवर ठेवायला सांगितलं होतं ना?" मी धापा टाकत म्हणालो.

"अहो, दीडशे माणसांची कणीक मळताना परात पळते. तिला कोण धरतं, तुमचा दोर?" मावशी म्हणाल्या. "आता सरका. माझे बाफले जळतील."

आणि त्या निघाल्या. हँडल किंचित सोडायचं, पुन्हा आवळायचं. मी ज्याला लाल शाईत डिफेक्ट म्हटलं होतं, तोच त्यांचा ब्रेक होता: हँडल अडलं, की चाकही अडत होतं. उतार संपल्यावर त्याच हातांनी हँडल फिरवत त्या थेट आरापाशी पोचल्या. आम्ही पाचजण रिकामा दोर घेऊन मागून चालत आलो.

खरेसाहेबांचे डोळे लालभडक झाले होते. हातात वेल्डरची सांडशी होती. बाफले एका बाजूने काळे, दुसऱ्या बाजूने कच्चे.

"मावशी, वरून काय काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"सगळं दिसलं. तुम्हाला?"

"धूर," साहेब म्हणाले.

मावशींनी त्यांच्या हातातली सांडशी काढून घेतली आणि उरलेले बाफले नीट भाजले. त्यांतलेच चांगले निवडून कन्हैया भियाचा डबा भरला.

सोमवारी मी रजिस्टर उघडलं, 'डिफेक्ट' खोडलं आणि शेरा लिहिला, 'लोड टेस्ट चुकीची झाली. पोत्यांना हात नसतात.' खरेसाहेबांनी खाली सही केली आणि पुढच्या पिकनिकला आरापाशी कोण बसणार, याची पाळी लावली. पहिलं नाव माझं होतं.