अठ्ठावीसची लेन्स

दौंडला रेल्वेत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. शेजारच्या क्वार्टरमधले अँग्लो-इंडियन गार्डसाहेब निवृत्त होऊन चालले होते. जाताना त्यांनी आपला जुना कॅमेरा मला देऊन टाकला. सोबत दोन लेन्स. एक अठ्ठावीस मिलिमीटरची, जिच्यात अख्खं अंगण मावायचं, आणि दुसरी एकशेपस्तीसची, लांबुडकी, जी दूरचा चेहरा पुढ्यात आणून ठेवायची. "एक साल एक ही लेन्स लगाना," ते म्हणाले, "तब आँख बनेगी."

मी अठ्ठावीसची निवडली आणि दुसरी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. लोकांना असल्या गोष्टीत बाणा दिसतो. माझा तो नुसता हेकटपणा होता.

सुट्टीला एसटीनं न्हावऱ्याला घरी जायचो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोटोचं भारी कौतुक. एकदा अगदी जवळ जाऊन त्यांचा फोटो काढला, तर नाक वांग्याएवढं आलं. आई तोंडाला पदर लावून हसली.

"त्ये दुसरं भिंग लाव की," आबा म्हणाले. "भिंतीवर शोभंल असा एक काढून ठेव माझा."

"वर्ष पुरं होऊ द्या, आबा. मग पहिला तुमचाच."

"नव्याचं नऊ दिस म्हंत्यात. तुझं तर वरीस निघालं!"

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मी कदाचित कुलूप उघडलं असतं.

वर्ष भरत आलं आणि आबा गेले. सकाळी उसाला पाणी द्यायला गेले, दम लागला म्हणून बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि वर्षभर फोटो काढत हिंडणाऱ्या पोराकडे बापाचा धड चेहरा नव्हता. त्यातल्या त्यात बरा होता तो कांद्याच्या चाळीपुढचा: कांदा निवडताना आबा, आई आणि शेजारचे मामा, मागे अर्धं शिवार. शिरूरच्या स्टुडिओत त्यातला आबांचा चेहरा मोठा करून घेतला. नुसते ठिपके उमटले, म्हणून स्टुडिओवाल्यानं ब्रशनं भुवया आणि मिशा काढल्या. आईनं निरखून पाहिलं.

"ह्ये कोण?"

शेवटी तो अख्खा फोटोच फ्रेम करून लावला. मी हार घालायला हात उचलला, तशी मागून मामांनी आरोळी ठोकली, "आरं, म्या जित्ता हाय की अजून! आन् तुजी आई?"

त्या दिवशीसुद्धा सगळे हसले. जिवंत माणसाच्या फोटोला कोण हार घालतं? हार खाली पाटावर ठेवला. पुढेही दर वर्षी तो पाटावरच राहिला.

काही वर्षांनी मामाही गेले. आई फोटोकडे बघून म्हणायची, "तुज्या आबांच्या हाराला आता मीच आडवी." चेष्टेनंच म्हणायची. तिचा एक चांगला जवळचा फोटो मी लांबुडक्या लेन्सनं केव्हाच काढून ठेवला होता. तो बघताना तर आबांची फारच आठवण यायची.

आई गेली, तेव्हा चाळीपुढच्या त्या फोटोला मी पहिल्यांदा हार घातला. माणसं इतकी बारीक, की झेंडूच्या एकेका फुलाआड एकेक जण गेला. हार सरकवून आबांना मोकळं केलं, तर आई झाकली गेली.