दाण्याचं सोवळं

सोलापुरात शेंगदाण्यावर श्रद्धा असणारी माणसं पुष्कळ. पण गाभाऱ्यातल्या देवालाही हेवा वाटावा अशी निष्ठा एकट्या आमच्या थोरल्या वहिनींची. त्यांचं माहेर वळसंगचं. तिथून दरवर्षी शेंगांचं पोतं यायचं आणि आमच्या दादापेक्षा जास्त मानानं घरात राहायचं. भेंडीत कूट, वांग्यात कूट, आणि साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा शोधावा लागे. चटणी उखळात कुटायला बसल्या की माझ्या वरच्या मजल्यावरची भांडी नाचायची. दादा तापानं पडला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या पेजेतही त्यांनी चमचाभर कूट सोडलं. “तेवढंच अंगाला लागंल की!” पदार्थ कुठलाही असो, चुलीवरून उतरवताना वरून चिमूटभर कूट पडल्याशिवाय तो शिजला असं त्या मानतच नसत.

अशा घरात माझी मुलगी मनू जन्माला आली. तिला गहू चालत नाही, दूध चालत नाही, अंडं चालत नाही, आणि शेंगदाणा तर मुळीच नाही. एका लग्नात कोशिंबिरीतल्या किंचितशा कुटानं तिचे ओठ सुजले, श्वास लागला आणि आम्ही ताटावरून उठून थेट दवाखाना गाठला. तेव्हापासून वरच्या मजल्यावर दाणा बंद. वहिनींनी सगळा विचार करून निदान केलं, “तुमच्याकडनंच आलंय हे, भावजी. तुमी पयल्यापासनं नाजूक.” माझं वजन बघता हे विधान धाडसाचं होतं.

मनूच्या वाढदिवसाला बेकरीतला केक यायचा. ती कापायची, आम्ही खायचो, आणि ती राजगिऱ्याचा लाडू खात टाळ्या वाजवायची. एका वर्षी केक कापल्यावर तिनं सुरीचा वास घेतला आणि हळूच ती खाली ठेवली. मी तेव्हा दुसऱ्या तुकड्यात गुंतलेलो असल्यानं मला दिसलं नाही. वहिनींना दिसलं. “पोरीनं आपलाच केक नुसता हुंगायचा व्हय? फुडच्या वर्षी मी करती.”

वहिनींनी आयुष्यात केक केला नव्हता. पण आत्मविश्वासाला अनुभव लागतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ज्वारीचं पीठ, गूळ, कुस्करलेली केळी, करडईचं तेल, सोडा आणि लिंबू. कुकरच्या तळाशी मीठ पसरायचं, शिट्टी काढायची, आत डबा ठेवायचा. चव बघायचा मान माझा, कारण दादाला ऐनवेळी कामं निघत. पहिला केक आपल्या कडक भाकरीचा सख्खा भाऊ निघाला.

“कसा झालाय, भावजी?”

“आमटीत बुडवला तर छान लागेल.”

“मग बुडवा की! तोंड कशाला वाकडं करताय?”

दुसरा चमच्यानं खाल्ला. तिसऱ्यानं माझ्या दाढेतलं सिमेंट काढून नेलं. सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईच्या, सोवळ्याला जन्मभर नाकं मुरडणाऱ्या वहिनी आता न्हाऊन, धुतलेली साडी नेसून केकला बसत. केकची भांडी नवी, फडकी वेगळी, आणि कुटाचा डबा वरच्या फळीवर. “आमच्याकडे करा,” असं माझ्या बायकोनं सुचवलं, तर म्हणाल्या, “तुमच्या सैपाकघरात माजा हात चालत न्हाय.”

वाढदिवसाच्या दुपारी केक असा फुगला की डब्याबाहेर डोकावू लागला. मनू जिन्यात बसून वासावरच खूश होती. इतक्यात खालून हाक आली, “भावजी!” धावत गेलो. सुरेख तपकिरी केक, आणि त्यावर पांढरं कूट. डबा फळीवर होता, पण हाताला फळीही पाठ होती. वहिनी स्वतःच्या हाताकडे असं बघत होत्या, जणू तो शेजारणीचा आहे.

मी अक्कल पाजळली. “वरचा थर खरवडून टाकला तर?”

“पोरगी हाय ती, भावजी. भांडं न्हाय, खरवडायला.”

दारात मनू उभी होती. राजगिऱ्याचा लाडू आणायला वर निघाली. वहिनी उठल्या, डोक्यावरून आंघोळ करून आल्या आणि ओल्या केसांनी आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. पीठ आमचं, कुकर आमचा, हात त्यांचा. केक मधोमध चिरला, एका बाजूला कलला. मनूनं तुकडा खाल्ला, आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाली, “मोठी आई, अजून एक?” वहिनींनी मी उचललेला तुकडा माझ्या हातातून काढून तिला दिला.

दुसऱ्या दिवशी उखळ, डबा आणि पोतं माहेरी वळसंगला परत गेलं. तेव्हापासून आमच्या दोन्ही मजल्यांवर दाणा नाही. मी बाहेर चोरून चटणी-भाकरी खातो आणि अंगणातल्या नळावर हात घासूनच घरात येतो, कारण वहिनींचं नाक पोलिसांच्या कुत्र्याला शिकवणी देईल.

आता मनू पुण्यात शिकते, वसतिगृहात राहते. परवा वहिनी बिनकुटाची भेंडी मुकाट्यानं खात होत्या. मला राहवलं नाही. “वहिनी, आता करा की थोडी चटणी. ती दिवाळीशिवाय काही यायची नाही.”

त्यांनी घास खाली ठेवला, तळहात नाकाशी नेऊन हुंगला. “न सांगता आली तर? आल्या आल्या आदी माजाच हात धरती की ती.”