वळणावरचा लांब डबा

मुलांनो, तुम्ही आजोबांसाठी पाठवलेला खेळण्यातल्या आगगाडीचा लांब डबा मी आज त्यांच्या टेबलावरच्या रुळांवर ठेवला. ते गेल्यापासून ती छोटी गाडी बंदच होती. सकाळी तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, ते टेबल काढून टाक. तुला चालायला जागा होईल." मी "बघू" म्हटलं.

सरळ रुळांवर डबा छान धावला. वळण मात्र आखूड डब्यांच्या बेताने केलेलं. तिथे याचं मधलं पोट वळणाच्या आत आलं, पुठ्ठ्याच्या स्टेशनला घासलं आणि डबा कलंडला. आजोबा म्हणाले असते, "अगं, त्याची चूक नाही. लांब डब्याला वळायला जागा जास्त लागते."

पुन्हा ठेवला, पुन्हा कलंडला. वाईट वाटलं नाही. हल्ली काहीच वाटत नाही. भूकही लागत नाही; वेळ झाली की जेवते.

मग आजोबांनी चिकटवलेलं स्टेशन मी सुरीने सोडवलं आणि दोन बोटं मागे सरकवलं. डबा अलगद वळून गेला. तुम्ही असता तर टाळ्या वाजवल्या असत्या. मी बटण बंद केलं, गाडीवर चादर घातली.

बाबाला सांगा, टेबल राहू दे. मी भिंतीच्या कडेने जाईन.